नवरीचा ऊस कुणी उचलायचा?

कालीरोसो,
९ मे २०२४

प्रिय लिंतांग,

तू, तुझ्या घरचे आणि धाकटी सेकार, सगळे खुशाल असाल. आम्ही इथे बरे आहोत. कॉफीचा डबा पोचला. यंदाही दोन किलो! अगं, पिणारे आम्ही दोघंच, त्यात दारसोनोंना डॉक्टरांनी दिवसाला एकच कप सांगितलाय. ते म्हणतात, कप केवढा ते डॉक्टर कुठे बोलले? आणि आमटीच्या वाडग्याएवढा मग घेऊन दुकानात जाऊन बसतात. चष्म्याचा नंबर वाढलाय, सुईत दोरा ओवायला मला हाक मारतात, पण दुकान बंद करा म्हटलं की तोंड फुगतं. मांजरीला तीन पिल्लं झाली. आमच्या कुंपणाजवळचा आंबा यंदा फळलाच नाही.

आज सुट्टी आहे म्हणून लिहायला बसलेय. तुझा मेसेज येऊन अकरा दिवस झाले. 'इबू, तुमची मुलाखत नुकतीच झालीय, माझी सत्तावीसला आहे. काय काय विचारतात हो?' मी त्यावर नुसता अंगठा पाठवला आणि फोन पालथा ठेवला. फोनवर उत्तर द्यायला गेले असते तर मी अर्धं बोलल्यावर तू 'असू दे हो इबू' म्हणाली असतीस आणि मीही बरं म्हणून सुटले असते. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच. रागाने फाडलंस तरी वाचून फाड.

आधी माझी बातमी. कारखान्याचं प्रमुखपद मला मिळालं नाही. गालिहला मिळालं. हो हो, तोच गालिह, ज्याने शिकाऊ असताना पॅनमधला अख्खा पाक जाळला होता आणि मी ओरडायला आले तर तुझ्या पाठीमागे लपला होता. माझं त्याच्याशी भांडण नाही, पोरगा गुणी आहे. आल्या आल्या माझा हात कपाळाला लावला आणि म्हणाला, "इबू, मला इथलं काही माहीत नाही, तुम्हीच सांभाळून घ्या." ऐकलंस? दहा महिने ती खुर्ची मी सांभाळली, आता खुर्चीत बसलेल्यालाही मीच सांभाळायचं!

मागच्या जुलैत जुने प्रमुख छातीत कळ येऊन घरी बसले तेव्हा हंगाम ऐन भरात होता. सुराबायाच्या मुख्य कार्यालयाने फोनवरून सांगितलं, "इबू वुर्यानी, तूर्तास तुम्ही बघा." मी बघितलं. बॉयलरची नळी फुटली ती एकोणीस तासांत बदलून घेतली. उतारा सात पूर्णांक एक होता, तो हंगाम संपेपर्यंत सात पूर्णांक नऊवर नेला. उसाच्या गाड्या दोन-दोन दिवस गेटवर वाळत उभ्या राहायच्या, ते बंद केलं. हे सगळं मुलाखतीत त्यांनीच वाचून दाखवलं, मला बोलायची गरजच पडली नाही. पाच पुरुष टेबलापलीकडे, मधोमध संचालक सुर्योनो. म्हणाले, "इबू म्हणजे आई, आणि वुर्यानी तर या कारखान्याची आईच." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आईची कुणी बदली करत नाही हे खरं, पण आईला बढती दिल्याचं तू कधी ऐकलंयस?

मग सुर्योनोंनी कागद बाजूला ठेवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "एक छोटीशी अडचण आहे, इबू. उसाच्या लग्नाचं काय करायचं?"

तुमच्या लाम्पुंगच्या कारखान्यात हे लग्न नाही, त्यामुळे तुला बघून वर्षं झाली असतील. आमच्याकडे अजून तसंच आहे. दोन शेतांतले दोन ऊस, एक नवरा, एक नवरी. दारसोनो त्यांना कपडे शिवतात, नवरीला जरीचं पोलकं, नवऱ्याला टोपी. गाजावाजा करत गावभर मिरवणूक, पिवळ्या भाताची रास, आणि मग कारखान्याचा प्रमुख नवरा उचलतो, प्रमुखाची बायको नवरी उचलते, आणि दोघं मिळून ते गव्हाणीत सोडतात. त्याशिवाय चरक फिरत नाही. तूही दोन वर्षं त्या मिरवणुकीत पुढे नाचली होतीस, मला आठवतंय.

"प्रमुख म्हणून नवरा तुम्ही उचलाल," सुर्योनो म्हणाले. "मग नवरी कोण? दारसोनोजी?"

पाचही जण हसले. कुणी वाईट हसलं नाही, त्यामुळे जास्तच राग आला.

"पुरुषमाणूस नवरी खांद्याला लावून चाललाय, पाच हजार लोक बघतायत... लोक हसतील हो इबू. कामगारांची श्रद्धा आहे. हंगामात कुणाचा हात अडकला चरकात, तर म्हणतील लग्नच उलटं लागलं होतं."

मी म्हटलं, "मग मी दोन्ही उचलते. दोन हात आहेत मला. उसाचं वजन काय ते मला माहितीये, सत्तावीस वर्षं तोच मोजतेय."

पुन्हा हसले. त्यावर सुर्योनो आणखी एक वाक्य बोलले. ते मी आत्ता लिहीत नाही. लिहीन, पळणार नाही.

दीड महिन्याने निकाल आला. पत्रात लिहिलं होतं की माझ्या अनुभवाचा नव्या प्रमुखांना मोलाचा आधार होईल. मी ते पत्र घडी घालून मसाल्याच्या कपाटात ठेवलं, अजून तिथेच आहे.

आता खरा चमत्कार ऐक. परवा कर्मचारी विभागाचे तोतोक माझ्या प्रयोगशाळेत आले. खुर्ची ओढली, माझ्याच बशीतलं केळ्याचं भजं उचललं. म्हणाले, "इबू, एक विनंती होती. गालिहची बायको काही लग्नाला येऊ शकत नाही. सुराबायात दातांचा दवाखाना आहे तिचा, पेशंट लागलेत रांगेत. तर सोळा तारखेला नवरी तुम्हीच धराल का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मी? गालिहच्या शेजारी?"

"हो. त्यात काय एवढं?"

"प्रमुखाची बायको नाही, म्हणून दुसरं कुणीही चालतं?"

"अहो इबू, तुम्ही पण ना!" भजं खात खात म्हणाले. "ऊसच तर आहे!"

लिंतांग, मी हातातली काचेची नळी खाली ठेवली, कारण फेकून मारली असती. माझ्या वेळी तो ऊस म्हणजे कामगारांची श्रद्धा, पाच हजार माणसं, चरकात अडकणारे हात. गालिहच्या वेळी ऊसच तर आहे! एक डोंगर होता माझ्यासमोर, आणि त्या माणसाने तोंडात भजं असताना तो बाजूला सारला. सत्तावीस वर्षं मी या लोकांबरोबर काम केलं. त्यांच्या मुलींच्या लग्नात जेवले. मला वाटायचं, मी चांगलं काम केलं की झालं. मूर्ख मी!

तोतोकना म्हटलं, विचार करून सांगते. अजून सांगितलेलं नाही.

आता ते वाक्य. सुर्योनो म्हणाले होते, "आणि इबू, रागावू नका, हा प्रश्न काही आमच्या डोक्यातला नाही. तुम्हीच विचारला होतात की, नऊ वर्षांपूर्वी. त्या मुलीला. काय नाव तिचं?"

तुझं नाव मीच सांगितलं.

आठवतंय तुला? उपप्रमुखपदाची मुलाखत. टेबलापलीकडे चार पुरुष आणि कडेला मी. तुला बॉयलरबद्दल विचारलं, वाफेबद्दल विचारलं, संपाच्या वेळी काय करशील विचारलं. तू सगळ्याची उत्तरं दिलीस, एका ठिकाणी तर सुर्योनोंचा आकडा दुरुस्त केलास. मग कुणाकडे विचारायला काही उरलं नाही. आणि मी बोलले, हसत हसत, "काय गं, उद्या प्रमुख झालीस तर उसाच्या लग्नात नवरीचा ऊस कुणी उचलायचा? तुला तर अजून नवराच नाही!"

सगळे खो-खो हसले. तूही हसलीस, तोंडावर हात ठेवून, मोठ्यांसमोर हसतात तशी. तू समजलीस की इबू वातावरण हलकं करतायत. मीही तेच समजले, दोन मिनिटं. नंतर शेरा लिहायची वेळ आली तेव्हा माझं अक्षर चांगलं म्हणून कागद माझ्याकडे सरकवला. कुणी मला काय लिहायचं ते सांगितलं नाही. मी लिहिलं, 'तांत्रिक बाजू उत्तम. समारंभातील जबाबदाऱ्यांबाबत अडचण संभवते.' चारही सह्या त्याखाली झाल्या. त्यांना कारण हवं होतं, ते मी हातात दिलं.

का केलं? नऊ वर्षं मी स्वतःला सांगतेय की ती थट्टा होती. नव्हती. मला तुझी भीती वाटली. त्या टेबलाशी एकाच बाईला जागा होती आणि ती मी अठरा वर्षं घालून मिळवली होती. तू एकतीस वर्षांची, येऊन त्यांचे आकडे दुरुस्त करत होतीस.

त्या दुपारी तू माझ्या स्वयंपाकघरात बसून रडलीस. मी तुला भात आणि काळ्या रश्श्याचं मटण वाढलं आणि म्हटलं, "मी खूप भांडले गं तुझ्यासाठी, सुराबायावाल्यांनी ऐकलंच नाही." ते धडधडीत खोटं होतं. तू माझा हात कपाळाला लावलास आणि महिन्याने लाम्पुंगला निघून गेलीस. तेव्हापासून दर ईदला तुझी कॉफी येते, आणि मी तुला 'कळत-नकळत घडलेलं सगळं माफ कर' असं पाठवते, जे मी त्याच दिवशी आणखी सत्तर जणांना पाठवते. ती माफी नव्हती. ही आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू ज्या कारखान्याची प्रमुख व्हायला निघालीस तिथेही उसाचं लग्न आहे आणि मुलाखतीला हेच सुर्योनो असतील. काय विचारतात? हे विचारतात. तुला आता नवरा आहे, तर विचारतील, तो नवरी उचलणार का. यावर काय उत्तर द्यावं ते मला सुचलेलं नाही. मी दिलेलं उत्तर चाललं नाही.

सेकारला पापे. तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

इबू म्हणायचं की नाही ते आता तूच ठरव,
वुर्यानी


कालीरोसो,
१८ मे २०२४

प्रिय लिंतांग,

कुरिअरवाल्याने दाखवलं, पत्र तेरा तारखेला पोचलं, सही तुझी आहे. तुझ्याकडून काही आलं नाही. यायलाच हवं असं नाही. तब्येत ठीक ना? आम्ही ठीक. मांजरीचं एक पिल्लू शेजारणीने नेलं.

परवा लग्न झालं, त्याची हकिकत सांगायची आहे. तुझी मुलाखत नऊ दिवसांवर आली आहे, म्हणून हे पत्र महागड्या कुरिअरने पाठवतेय.

मी तोतोकना नाही म्हणून कळवलं. म्हटलं, "बायको नसताना नवरी कुणी उचलायची याचं उत्तर मला मार्चमध्ये देता आलं नाही, म्हणून मी प्रमुख नाही. आता ज्यांना पद दिलंत ते देतील उत्तर." तोतोक चिडले. म्हणाले, "इबू, तुमचं हे वागणं पोरकट आहे." असेल. बावन्नाव्या वर्षी मला थोडं पोरकट व्हायचं होतं.

सोळा तारखेला सकाळी मी लग्नाला गेले, पण कामाच्या खाकी कपड्यांत, बूट घालून, आणि गव्हाणीशेजारी माझ्या जागेवर उभी राहिले. तोतोक घाम पुसत साहेबांच्या बायकांच्या रांगेत फिरत होते. हिशेबनिसाची बायको म्हणाली, "छे हो, प्रमुखबाईंच्या जागी मी? माझे मिस्टर तिसऱ्या नंबरवर आहेत, लोक काय म्हणतील!" शेतकी अधिकाऱ्याची बायको म्हणाली, हिशेबनिसाची बायको असताना मी कशी? प्रत्येकीने आपल्या नवऱ्याची पायरी मोजली आणि मागे सरकली. वाजंत्री थांबली. गालिह टोपीवाला नवरा हातात घेऊन एकटाच उभा, कान लाल झालेले. मला त्याची दया आली, पण मी हलले नाही.

आणि नवरी दारसोनोंच्या मांडीवर! अगं, तिचं पोलकं मिरवणुकीत उसवलं होतं. ते पायरीवर बसून टाचण्या लावत होते. त्यांनी शेवटची टाचणी लावली, दातांनी दोरा तोडला, चष्मा वर सरकवला, इकडे-तिकडे पाहिलं. म्हणाले, "कुणीच नाही? मग मी नेतो. नटवली मी, पोचवतोही मीच."

आणि चालू लागले. नवरी खांद्याला टेकवून, एका हाताने तिचा पदर सावरत.

गर्दीतून एक शेंगदाणेवाली ओरडली, "काय शिंपीदादा, लेक निघाली वाटतं सासरी!" लोक हसले. लिंतांग, खरंच हसले, सुर्योनो म्हणाले होते तसे. दारसोनो न थांबता म्हणाले, "लेकच आहे. सरका जरा, कपडे चुरगळतील." मग तर बायका टाळ्या वाजवायला लागल्या, वाजंत्रीवाल्यांनी जोर धरला, एका म्हातारीने डोळे पुसले. गालिहने नवरा सोडला, दारसोनोंनी नवरी सोडली, दोन्ही ऊस जोडीने चरकात गेले. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. याच चार मिनिटांसाठी तू गेलीस आणि माझी बढती राहिली.

चरक फिरला. पहिल्या दिवशी तीन हजार टन गाळप झालं. कुणाचा हात अडकला नाही.

सुर्योनो पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. जेवणाच्या वेळी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "बापाक सुर्योनो, पुरुषाने नवरी उचलली. तुम्ही म्हणाला होतात अडचण येईल."

"फार सुंदर झालं हो!" ते म्हणाले. "दारसोनोजींनी वेळ सांभाळली."

"मग माझ्या मुलाखतीत ते का चाललं नसतं?"

"ती गोष्ट वेगळी, इबू."

"वेगळी कशी?"

त्यांनी ताटातला भात नीट एका बाजूला केला, कोंबडीचा तुकडा उचलला, आणि शेजारच्याला विचारलं, यंदा पाऊस कधी थांबला म्हणे. मी पुन्हा विचारलं, "वेगळी कशी, बापाक?" ते ऐकू न आल्यासारखे जेवत राहिले. एवढ्या लोकांसमोर मी आणखी काय करणार होते? परत माझ्या जागेवर गेले, पाकाचे नमुने यायला लागले होते. अजून संताप होतोय. लिहिताना अक्षर बिघडलंय ते त्यामुळे.

घरी येऊन दारसोनोंना म्हटलं, "तुम्ही त्या लोकांची अडचण सोडवलीत! थोडे थांबला असतात तर त्यांनाच उत्तर द्यावं लागलं असतं." ते म्हणाले, "मी त्यांच्यासाठी नाही उचलली. मार्चमध्ये तू घरी येऊन सांगितलंस ना, माझं नाव काढून ते हसले म्हणून? तेव्हापासून मला ती उचलायची होती." मग वाडग्याएवढी कॉफी घेऊन बसले. त्या दिवशी ती मीच ओतून दिली.

काल मी एक काम केलं. तुझी नऊ वर्षांपूर्वीची फाईल सुराबायाने मागवलीय, हे मला तोतोककडूनच कळलं होतं. मी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं, 'तो शेरा माझ्या हातचा आहे, त्याला कसलाही आधार नव्हता, उमेदवार पदासाठी सर्वार्थाने योग्य होती आणि तिला डावलण्याचं कारण मी पुरवलं.' खाली सही, नाव, हुद्दा. तोतोकनी वाचलं आणि दार लावून घेतलं. "इबू, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. हे तुमच्याच फाईलला लागेल. कशाला जुनं उकरता?" मी म्हटलं, "शिक्का मारा." त्यांनी मारला. त्याची प्रत सोबत जोडलीय. त्यांच्याकडून मूळ पत्र हरवलं तर ही तुझ्याकडे असावी.

मुलाखतीला जाताना ती बरोबर ने. आणि त्यांनी विचारलंच, नवरीचा ऊस कुणी उचलायचा, तर मला दोन महिन्यांत सुचलं नाही ते उत्तर आता आहे. सांग, सोळा मेला कालीरोसोत एका शिंप्याने उचलला, तुमच्याच डोळ्यांसमोर, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ते हसतील. या वेळी तू हसू नकोस. तोंडावर हातही ठेवू नकोस. ते हसायचे थांबेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहा.

पुढच्या ईदला कॉफी आली नाही तर मला कारण विचारावं लागणार नाही.

त्या खोलीत तुला तो प्रश्न विचारणारी,
वुर्यानी